पर्यायी प्रवाह? प्रत्यावर्ती प्रवाह म्हणा!

प्रश्न : कारखान्यातल्या मोटारींचा वेग बदलण्यासाठी आम्ही व्हीएफडी बसवले आहेत. त्यांच्या माहितीपुस्तिकेच्या मराठी मसुद्यात 'व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह'ला 'चल वारंवारिता चालक' आणि 'अल्टरनेटिंग करंट'ला 'पर्यायी प्रवाह' असे शब्द आले आहेत. हे बरोबर आहेत का?

उत्तर : दोन्ही नाहीत. 'चालक' आधी निकालात काढू. मराठीत चालक गाडी चालवतो आणि एसटीत त्याच्या जोडीला वाहक असतो. हिंदीत तर विजेच्या सुवाहकालाच 'चालक' म्हणतात, म्हणजे तिकडची पुस्तके वाचलेल्याचा आणखी घोटाळा. भोसरीतला फिटर आणि इचलकरंजीतला यंत्रमागवाला दोघेही 'ड्राइव्ह' म्हणतात. तुम्हीही ड्राइव्हच लिहा.

'पर्यायी प्रवाह' वाचून मात्र माझे डोके फिरते. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेल्या पुस्तिका आल्यापासून हा शब्द सगळीकडे दिसतो. एका उपसा सिंचन योजनेच्या पंपघरात पॅनलच्या दारावर पिवळ्या पट्टीवर छापलेला मी पाहिला : 'पर्यायी प्रवाह ४१५ व्होल्ट'. नवा वायरमन विचारत होता, "साहेब, जनरेटर कुठाय?" त्याचे काय चुकले? पर्यायी रस्ता, पर्यायी व्यवस्था, पर्यायी वीज. मूळची गोष्ट बंद पडली की जी वापरायची ती पर्यायी. जनरेटर बंद आहे म्हणजे या पॅनलमध्ये वीज नाही, असे समजून त्याने आत हात घातला असता तर? इंग्रजीत 'अल्टरनेटिंग' आणि 'अल्टरनेटिव्ह' एकाच घरातले, दोघांच्या मुळाशी लॅटिन 'आल्टर', म्हणजे दोघांतला दुसरा. यंत्राने एकाच्या जागी दुसऱ्याला उभे केले आणि तपासणाऱ्याने डोळे मिटून सही केली.

एवढे रागावून झाल्यावर 'पर्याय' या शब्दाच्या बाजूने मला बोललेच पाहिजे, कारण त्याची व्युत्पत्ती फार सुंदर आहे. परि म्हणजे भोवती, त्याला 'इ' म्हणजे जाणे हा धातू. भोवती फिरून येणे, आणि त्यावरून पाळी. पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे, 'परावनुपात्यय इणः' (३.३.३८). अनुपात्यय म्हणजे ठरलेला क्रम न ओलांडणे. त्या अर्थी शब्द होतो 'पर्याय', आणि काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, उदाहरण देते : 'तव पर्यायः, मम पर्यायः'. तुझी पाळी, माझी पाळी! क्रम पाळण्याचा अर्थ नसेल तेव्हा 'पर्याय' होत नाही, 'पर्यय' होतो; 'कालस्य पर्ययः', काळ निघून जाणे. एका 'आ'चा फरक, पण शिस्त असणे आणि नसणे त्या 'आ'वर ठरते. पुढे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द पाळीने येऊ शकतो म्हणून तो 'पर्यायशब्द' झाला, आणि तिथून घसरत घसरत 'पर्याय' म्हणजे नुसता दुसरा मार्ग उरला.

आता हाच जुना अर्थ घेऊन तुमच्या मोटारीत डोकावा. थ्री फेज मोटारीच्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, तारेची तीन वेटोळी किंवा वाइंडिंग एकमेकांपासून १२० अंशांवर बसवलेली असतात. आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी आधी आरचा प्रवाह शिगेला पोचतो, मग वायचा, मग बीचा. तव पर्यायः, मम पर्यायः! या पाळीमुळेच चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, त्याच्यामागे धावतो. कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की क्रम उलटतो आणि मोटार उलटी फिरते. चार ध्रुवांच्या मोटारीत ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांना, क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. रोटर थोडा मागे राहतो, म्हणून पाटीवर १४४० लिहिलेले असते. त्याने क्षेत्राला गाठलेच तर त्याच्यात प्रवाह निर्माण होणार नाही आणि ओढही उरणार नाही.

म्हणजे वेग बदलायचा तर पाळी किती भराभर फिरते तेच बदलायला हवे. ड्राइव्ह आलेल्या एसीचा, म्हणजे अल्टरनेटिंग करंटचा, आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, करतो. ४१५ व्होल्टचे आत कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, साधारण ५८७ होतात. मग सहा आयजीबीटी, म्हणजे सहा अतिवेगवान स्विच, त्या डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतात आणि तुकड्यांची रुंदी कमीजास्त करत हव्या त्या हर्ट्झचा नवा एसी घडवतात. नॉब फिरवून पडद्यावरचा आकडा ५०.० वरून २५.० वर आणा, मोटार साडेसातशेच्या जरा खाली स्थिरावते. व्होल्टेजही निम्मे, २०७ च्या आसपास. ते का, हे ड्राइव्हला 'रेग्युलेटर' म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावे. पाळी दुप्पट लांबली आणि व्होल्टेज तेवढेच ठेवले, तर चुंबकीय प्रवाह दुप्पट व्हायला बघतो, लोखंड संपृक्त होते, म्हणजे त्याला आणखी चुंबकत्व पेलत नाही, विजेचा प्रवाह उसळतो आणि वाइंडिंग जळते. उलट हर्ट्झ तेच ठेवून नुसते व्होल्टेज उतरवले तर क्षेत्र १५००नेच फिरत राहते, फक्त मोटारीची ताकद जाते आणि ती जास्त मागे पडते.

आणि आता पाणिनीचा तो अनुपात्यय! सहा स्विच तीन जोड्यांत असतात. प्रत्येक जोडीतला एक वरच्या बाजूचा, एक खालच्या. दोघे एका क्षणी चालू झाले तर डीसीची दोन्ही टोके थेट जुळतात आणि आयजीबीटी फुटतो. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू होण्यापूर्वी काही मायक्रोसेकंद दोघांनाही गप्प ठेवतात. याला 'डेड टाइम' म्हणतात. मी याला अनुपात्यय म्हणेन. क्रमाने आलेली पाळी न ओलांडणे, हा अर्थ याहून नेमका कुठे लागू पडेल? कोणी म्हणेल हे ओढूनताणून आहे. 'डेड टाइम'साठी 'मृत वेळ' छापणाऱ्यांनी तरी तसे म्हणू नये.

पर्यायाचा हा अर्थ मेलेला नाही. उडुपीच्या कृष्णमंदिरात पूजेचा अधिकार अष्टमठांपैकी एकेका मठाकडे पाळीने जातो आणि त्या पाळीला आजही 'पर्याय' म्हणतात. पूर्वी ती दोन महिन्यांची असे, तिथले मठाधिपती वादिराजतीर्थ यांनी दोन वर्षांची केली. आठ मठांचा फेरा आधी सोळा महिन्यांत पुरा व्हायचा, तो सोळा वर्षांवर गेला. क्रम तोच, फक्त हर्ट्झ बारा पटींनी खाली!

'वारंवारिता'बद्दल थोडक्यात. शालेय पुस्तकांचा हा शब्द मला चालतो, आवडत नाही. वारंवार म्हणजे पुन्हापुन्हा, मग ते कसेही. ठरलेल्या फेऱ्याचा त्यात पत्ता नाही. मराठी विश्वकोश 'कंप्रता' म्हणतो. तारेच्या कंपनाला तो शोभतो, पण विजेच्या पाळीला कसले कापरे भरले आहे? माझे मत 'आवर्तन'ला. तबलजी तीनतालाची आवर्तने मोजतात, शेतकरी कालव्याच्या उन्हाळी आवर्तनाची वाट पाहतात. सेकंदाला ५० आवर्तने म्हटले की कुणालाही कळते. 'अल्टरनेटिंग'साठी रूढ असलेल्या 'प्रत्यावर्ती'तही 'आवर्तन'मधलाच 'वृत्' धातू आहे, आणि ड्राइव्हमधल्या 'इन्व्हर्टर'च्या लॅटिन 'व्हर्तेरे'शी, म्हणजे वळवणे याच्याशी, तो सख्ख्या नात्याचा आहे.

तेव्हा मजकुरात 'प्रत्यावर्ती प्रवाह' आणि पॅनलवर ठळक 'एसी ४१५ व्होल्ट' एवढेच लिहा. मेन बंद केल्यावरही ते कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात. पुस्तिकेत त्या वाक्यावर 'चेतावणी' असा मथळा आला असेल तर तो आजच खोडा. मराठीत चेतवणे म्हणजे पेटवणे, भडकवणे. तिथे 'धोका' लिहा, आणि किती मिनिटे थांबायचे तो आकडा मूळ पुस्तिकेशी ताडून पाहा.