वेस्टर्न सिनेमात दाखवतात तसं काउबॉयचं जग खरंच होतं का?

थोडंफार होतं, बरंचसं नव्हतं. टोपी चुकली, बंदुकीचं मॉडेल चुकलं याचं मला एवढं काही वाटत नाही, पण मूळ गोष्टच उलटी करतात ना, ते खटकतं.

ओके कोरालचा प्रसिद्ध गोळीबार घ्या (कोराल म्हणजे घोडे ठेवायचं आवार), अ‍ॅरिझोनातलं टूमस्टोन गाव, २६ ऑक्टोबर १८८१. मुळात तो कोरालमध्ये झालाच नाही, जवळच एका फोटोग्राफरच्या घराला लागून चिंचोळी मोकळी जागा होती तिथे झाला. एकीकडे अर्प भाऊ, दुसरीकडे त्यांच्याशी वैर असलेले काही काउबॉय, आणि दोन्हीकडची माणसं इतकी जवळ उभी होती की मधे एक खाट टाकली तर जेमतेम मावेल, साधारण तीस गोळ्या सुटल्या, अर्ध्या मिनिटात सगळं संपलं आणि तिघं मेले. आणि ठिणगी कशावरून पडली माहितीये? गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती! आल्या आल्या बंदूक जमा करायची असा गावचा कायदाच होता, आणि मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प समोरच्या काउबॉयांची हत्यारं काढून घ्यायला निघाला होता. पिक्चरमध्ये बघाल तर जो तो कमरेला पिस्तूल लटकवून फिरतोय, आणि हीरो व्हर्जिल नाही, त्याचा भाऊ वायट.

याच गोळीबारावरच्या १९४६ च्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' या पिक्चरमध्ये तर अर्प भावांच्या बाजूने लढणारा त्यांचा मित्र डॉक हॉलिडे तिथेच गोळी लागून मरतो. खरा डॉक १८८७ साली कोलोरॅडोत क्षयाने गेला, अंथरुणात. शूटिंग पण मॉन्युमेंट व्हॅलीत, म्हणजे टूमस्टोनपासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दिसते सुंदर, त्याबद्दल वाद नाही.

पण सगळ्यात जास्त राग येतो तो माणसं गायब केल्याचा. काउबॉय म्हणजे पगारी गुराखी हो, महिन्याला ३०-४० डॉलर, टेक्सासमधून हजारो गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायची, दोन-तीन महिने धूळ खात, रात्री आळीपाळीने कळपावर पहारा. इतिहासकारांचा अंदाज आहे की यातला साधारण चारातला एक काळा होता, बरेचसे गुलामीतून नुकतेच सुटलेले, आणि मेक्सिकन तर कितीतरी. हे कामच गोऱ्यांनी मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून उचललं, रँच, लॅसो (गुरं पकडायचा दोरीचा फास), रोडिओ हे शब्दसुद्धा स्पॅनिशमधूनच आले. आणि जुन्या पिक्चरमध्ये तोच मेक्सिकन एकतर दरोडेखोर नाहीतर हॉटेलातला नोकर, घोड्यावर बसून गुरं वळताना क्वचितच दिसतो.