मँडेलब्रॉटचं चित्र: रंगांतले पट्टे, छपाईतले ठोकळे

प्रश्न: पायथॉन ही संगणकभाषा आणि तिचं आकडेमोडीचं साधन नमपाय वापरून मँडेलब्रॉट संचाची चित्रं करते. रंगांत वलयांसारखे पट्टे दिसतात. शिवाय −०.७४ च्या आसपास १०⁻¹² रुंदीची चौकट ८०० पिक्सेलला स्वच्छ येते, पण तीच ए-३ छपाईसाठी पुन्हा मोजली की चौकोनी ठोकळे पडतात. रंगपट बदलून पाहिला, उपयोग नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर: रंगपट निर्दोष आहे. दोन्ही दुखणी आकड्यांची.

चित्रातल्या प्रत्येक बिंदूसाठी (क) झ शून्यापासून सुरू करून ‘झ चा वर्ग + क’ हे पुन्हा पुन्हा मोजतात. झ चं शून्यापासूनचं अंतर, म्हणजे |झ|, मर्यादेबाहेर गेलं की बिंदू निसटला; कधीच न निसटणारे बिंदू म्हणजे मँडेलब्रॉट संच, तो सहसा काळा रंगवतात. बिंदू कितव्या फेरीत निसटला यावर रंग ठरतो. फेऱ्या पूर्णांकात, म्हणून रंगही पायऱ्यांनी बदलतो. त्याऐवजी ‘फेऱ्या + १ − लॉग(लॉग |झ|) ÷ लॉग २’ हा अपूर्णांक रंगाला द्या. लॉग नैसर्गिक घ्या. निसटण्याची मर्यादा मात्र २ ठेवू नका, पुसट सांधे उरतात. २५६ करा. वर्ग करत २, ४, १६, २५६ असं जायला जेमतेम तीन फेऱ्या जास्त लागतात.

ठोकळ्यांचं गणित असं. संगणकाचा नेहमीचा दशांश (६४ बिट) ०.७४ जवळ सुमारे १.१ × १०⁻¹⁶ पेक्षा बारीक फरक ओळखत नाही. ८०० पिक्सेलला शेजारच्या दोन बिंदूंत अशा अकरा पायऱ्या मावतात. ए-३ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रुंदीत ३५०८ पिक्सेल, म्हणजे जेमतेम अडीच! छोट्या नमुन्यावर विसंबणं इथे हमखास फसवतं. एक तर चौकट शंभरपट मोठी घ्या, नाहीतर फक्त मधला बिंदू एमपीमॅथने (हवे तितके अंक धरणारं पायथॉनचं साधन) जास्त अचूक मोजून बाकीच्यांचा त्याच्यापासूनचा फरक साध्या दशांशात मोजा. के. आय. मार्टिन यांनी २०१३ मध्ये मांडलेली ही युक्ती ‘कालेस फ्राक्टालर’ या चित्रं काढणाऱ्या प्रोग्राममध्ये तयार मिळते. सगळेच बिंदू एमपीमॅथने काढायला गेलात तर कंटाळाल.

काळे डाग दिसले तर कमाल फेऱ्या दुप्पट करा. डाग आकसले, तर तो संच नव्हता, फेऱ्या कमी पडल्या होत्या.

कडा करवतीसारख्या दिसू नयेत म्हणून दुप्पट मापात, ७०१६ × ९९२२ मोजा आणि दर चार पिक्सेलच्या रंगांची सरासरी घ्या. फेऱ्यांची नव्हे, नाहीतर कडेला भलताच रंग येतो. एवढ्या मापाला झ आणि क मिळून सव्वादोन जीबी लागतात, म्हणून २००-२०० ओळींच्या पट्ट्यांत मोजा.

झगझगीत निळा मात्र चार शाईंच्या छपाईत मंदच पडतो. आधी ए-४ वर एक तुकडा छापून बघा.