चोरांचा पोबारा आणि शेजारणीचे ‘पौ बारह’

प्रश्न इंदूरहून आलाय. विचारणाऱ्या बाईंना आजोबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा सापडला. वाचताना ‘पोबारा केला’ हे पुन्हापुन्हा भेटलं. पळून गेला, हा अर्थ संदर्भाने लागला. घोटाळा पुढे झाला. मुलाला नोकरी लागल्याचे पेढे द्यायला गेल्या, तर शेजारीण म्हणाली, “अब तो आपके पौ बारह हैं!” तर पोबारा आणि पौ बारह एकच का? आणि एकच असतील, तर एकीकडे नशीब फळफळतं आणि दुसरीकडे माणूस पळतो, हे कसं? जाता जाता ‘ऐवज’ आणि ‘च्या ऐवजी’ यांचं नातंही त्यांनी विचारलंय.

शब्द एकच आहे. दोघेही सारीपाटावरून उठून गेलेले.

हल्ली सारीपाट कोणी मांडत नाही, म्हणून थोडं सांगतो. अधिक चिन्हासारखा कापडी पट, चार रंगांच्या चार-चार अशा सोळा सोंगट्या आणि हातात खुळखुळवून टाकायचे तीन लांबोळके फासे. पौ म्हणजे फाशावरचा एक्का. दोन फाशांवर सहा-सहा आणि तिसऱ्यावर एक पडला की झालं पौ बारह, एक आणि बारा. हे दान फार चांगलं समजत. हिंदीने त्यातला आनंद उचलला. पौ बारह होणे म्हणजे चैन, चंगळ, पाचही बोटं तुपात.

मराठीने सोंगटीकडे पाहिलं. हा माझा तर्क आहे, पण सोंगट्यांचा डाव मांडून बसलेल्याला तो पटेल. शत्रूच्या सोंगट्या मागे लागलेल्या, आता मरते की मग मरते अशी आपली एकटी सोंगटी, आणि तेवढ्यात हे दान पडतं. सोंगटी टपाटप घरं ओलांडून निसटते. मागचे हात चोळत बसतात. दान एकच, हिंदीवाला खेळाडूचा चेहरा बघतोय आणि आपण सोंगटीचे पाय.

दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडलेला एक जण आपल्याकडे आहे, तो म्हणजे जेजुरीचा खंडोबा. लोककथेत तो म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरतो आणि पणापायी बारा वर्षं घराबाहेर पडून बाणाईची मेंढरं राखायला जातो. त्याच बाणाईशी पुढे लग्न लावून परततो. हरून ज्याचे पौ बारह झाले आणि घरातून पोबाराही झाला, असा दुसरा कोणी मला आठवत नाही.

हिंदीला पळण्यासाठी आकडे वर्ज्य नाहीत बरं का. तिथे ‘नौ दो ग्यारह होना’ आहे. विजय आनंदने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, १९५७ चा, देव आनंदचा, याच नावाचा. म्हणजे आकडा घेऊन पळतात दोघेही, फक्त बेरीज वेगळी.

आता अर्नाळकरांकडे येऊ. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला पळण्यासाठी एक शब्द पुरणार नाही, हे उघड आहे. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या कथा मी शाळेत असताना भाड्याने आणून वाचल्या. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण निम्म्या पुस्तकांचं शेवटचं पान गायब असे आणि खुनी कोण ते गल्लीत विचारत फिरावं लागे. त्या वाचनातून एक गोष्ट मात्र पक्की झाली. या पळण्याच्या शब्दांची अदलाबदल करता येत नाही.

करून बघा. ‘आरोपी सहा महिने फरार आहे’ हे चालतं. ‘आरोपी सहा महिने पोबारा आहे’ म्हणून पाहा, जीभच अडते. फरार ही अवस्था आहे, ती वर्षानुवर्षं टिकते. पोबारा क्षणात होतो आणि तो ‘करावा’ लागतो. गुंगारा द्यायला समोर कोणीतरी लागतो. रिकाम्या खोलीत गुंगारा देता येत नाही. हातावर तुरी द्यायला तर तुम्ही जवळजवळ पकडले गेलेले हवेत, हवालदाराची पकड मनगटावर बसलेली हवी. धूम ठोकली म्हटलं की पाय दिसतात, धूळ दिसते. सूंबाल्या पोरंटोरं करतात, कैरी पाडून माळी आला की. काढता पाय घेतात ते सभ्य लोक, सत्यनारायणाच्या पूजेत वर्गणीचा विषय निघाला की.

आणि पोबारा? माझ्या कानाला तो डाव साधून झाल्यावरच शोभतो. तिजोरी फोडली, दागिने पिशवीत पडले, मग पोबारा. नुसता कुत्रा भुंकला म्हणून पळालेल्या चोरालाही बातम्यांत हल्ली ‘पोबारा’ बहाल करतात. चूक म्हणणार नाही, पण मला खटकतं. हाती काही न लागता पळाला, त्याला कसलं आलंय एक आणि बाराचं दान? उलट आमच्या घरी जेवून, वर दोन लाडू खिशात घालून, भांडी घासायच्या वेळी नाहीसा होणारा भाचा आहे. तो करतो तो अस्सल पोबारा.

जुन्या रहस्यकथा वाचताना बाकीही बघा. डाव टाकला, डाव फसला, फासे उलटे पडले, सोंगट्या हलवणारा पडद्यामागे आहे... सगळा पट गुन्हेगारांच्या अड्ड्यावरच मांडलेला. खेळ घरातून गेला, तो या पुस्तकांत मुक्कामाला राहिला.

राहिला ऐवज. मूळ अरबी ‘इवज’, अर्थ मोबदला, बदली. ‘च्या ऐवजी’ त्यातूनच, एकाच्या बदल्यात दुसरं. मोबदल्यात द्यायची ती किंमतीची वस्तू, म्हणून पैसाअडका, दागदागिने हाही ऐवज. तेव्हा ‘चोरट्यांनी सोन्याच्या ऐवजाऐवजी पितळी भांडी घेऊन पोबारा केला’ हे वाक्य व्याकरणात बसतं. बातमीत लिहिलंत तर उपसंपादकाचा फोन येईल.