बॉइंकमधील कोअरच्या वाटपाविषयी एक पत्र

इंदूर, मे महिना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घरच्या संगणकाचा मोकळा वेळ विज्ञानप्रकल्पांच्या गणनाला देणाऱ्या बॉइंक या प्रोग्राममध्ये तू तीन प्रकल्प जोडलेस. आइनस्टाइन ॲट होम आणि रोसेटा यांना प्रत्येकी 100 आणि एलएचसी ॲट होमला 200 असा रिसोर्स शेअर, म्हणजे वाट्याचे प्रमाण, दिल्यावर आठ थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या आठ धाग्यांची; त्यांनाच मी पुढे कोअरही म्हणतो) दोन, दोन आणि चार अशी वाटणी होईल अशी तुझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन दिवस आठही थ्रेडवर रोसेटाच चालताना दिसले, म्हणून तू आकडे बदलायला घेतलेस. ते आकडे पूर्ववत कर आणि निदान तीन आठवडे त्यांना हात लावू नकोस.

बॉइंक अमुक क्षणी कोणता कोअर कोणाकडे आहे हे पाहत नाही. प्रत्येक प्रकल्पासाठी या संगणकाने अलीकडे किती गणन केले याचा अंदाज ते स्वतःपाशी ठेवते, आणि जुन्या कामाचे वजन हळूहळू उतरवत जाते. नेहमीच्या मांडणीत दहा दिवसांपूर्वीचे काम निम्मेच मोजले जाते. त्यामुळे एलएचसीकडे आठवडाभर काम नसेल तर त्याचा वाटा इतर दोघे वापरतात, आणि काम आले की मागची बाकी फिटेपर्यंत एलएचसीला जास्त कोअर मिळतात. मधल्या काळात जे दृश्य दिसते ते एकतर्फीच असते. दर दोन दिवसांनी प्रमाण बदलणारा माणूस हा हिशेब कधीच जुळू देत नाही.

तुझ्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तू पाच दिवसांचे काम साठवून ठेवायला सांगितले आहेस. रोसेटाचे एक काम साधारण आठ तास चालते आणि ते परत करण्याची मुदत बहुधा तीनच दिवसांची असते. मुदत चुकण्याची चिन्हे दिसताच बॉइंक प्रमाण बाजूला ठेवून ज्या कामाची मुदत आधी संपते ते आधी हातात घेते. दोन दिवस तू पाहिलेस ते हेच. साठा अर्ध्या दिवसाच्या आत आण. इंटरनेट दिवसदिवस बंद राहत असेल तरच मोठा साठा उपयोगाचा, आणि इंदुरात राहून तशी सबब सांगता येणार नाही.

एलएचसीला दुप्पट वाटा का दिलास हे मात्र मला विचारावे लागले नाही. कॅट रोडवरून रोज जाणाऱ्याला ठाऊक असते की युरोपातील सर्न या संशोधन संस्थेच्या एलएचसी या कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या 27 किलोमीटरच्या वर्तुळातील अनेक दुरुस्ती-चुंबके (चुंबकीय क्षेत्रातील चुका सुधारणारी) आणि जड चुंबके ज्यांवर बसवली आहेत ते हजारो जॅक भारतातून गेले, ते आपल्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रामार्फत, म्हणजे पूर्वीच्या कॅटमार्फत. लाखो फेऱ्यांनंतरही कणांचा मार्ग स्थिर राहतो का हे तपासणारी एलएचसीची कामे तुझ्या संगणकाला सहज पेलतात, पण ती सलग न येता जथ्याने येतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालणाऱ्या ॲटलस या एलएचसीवरील प्रयोगाच्या कामांचे तसे नाही; ती कित्येक जीबी मेमरी अडवतात, आणि तुझ्याकडे सगळी मिळून 8 जीबी आहे. रिसोर्स शेअरला मेमरीचे भान नसते. म्हणून ॲटलस हवेच असेल, तर एलएचसीच्या फोल्डरमध्ये app_config.xml नावाची फाइल ठेवून त्याचे एका वेळी एकच काम चालेल अशी मर्यादा घाल, आणि मग बॉइंक मॅनेजरला कॉन्फिग फाइल पुन्हा वाचायला सांग. असे कुंपण केवळ मेमरीसाठी घालावे. त्याने वाटणीचे प्रमाण साधू पाहशील, तर एखाद्या प्रकल्पाचे काम संपल्यावर कोअर रिकामे बसतील.

आता उन्हाळ्याविषयी. बॉइंकमध्ये शेजारी-शेजारी दोन टक्केवाऱ्या आहेत: एक किती प्रोसेसर वापरायचे याची, दुसरी प्रोसेसरचा किती वेळ वापरायचा याची. दुसरी कमी केलीस की कामे काही सेकंद चालतात, काही सेकंद थांबतात, आणि पंखा दिवसभर चढ-उतार करत राहतो. ती 100 वरच राहू दे आणि पहिली 75 वर आण, म्हणजे आठांपैकी सहा थ्रेड चालतील आणि तुझ्या अभ्यासाच्या कामांना दोन मोकळे राहतील. दुपारी पारा चाळिशीच्या वर असताना चालवूच नकोस; माळव्याच्या रात्री अजून बऱ्या असतात, तेव्हा वेळेच्या मांडणीत रात्री दहा ते सकाळी सहा एवढेच तास दे. शंभर वॅट ओढणारा संगणक चोवीस तास चालला तर महिन्याला 72 युनिट होतात, आणि ते बिल तुझे वडील भरतात, तेव्हा त्यांना आधी विचार. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तर हे मुळीच चालवू नये.

तीन आठवड्यांनी वाटणी तपासताना क्रेडिटचे, म्हणजे केलेल्या कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांचे, आकडे शेजारी ठेवू नकोस, कारण प्रत्येक प्रकल्पाची क्रेडिट देण्याची रीत निराळी आहे आणि त्या आकड्यांवरून भांडणे तेवढी होतात. प्रकल्पाच्या प्रॉपर्टीजमध्ये शेड्युलिंग प्रायॉरिटी दिसेल. ती उणे आकड्यात असते. ज्या प्रकल्पाचा आकडा शून्यापासून सर्वांत दूर, त्याला वाट्याच्या मानाने अलीकडे जास्त मिळाले आहे. तिन्ही आकडे जवळपास आले असतील तर तसेच चालू दे. तिघांकडेही काम नाही अशी रात्र वारंवार येत असेल, तर चौथा प्रकल्प शून्य वाट्याने जोड. इतरांकडे काही नसेल तेव्हाच बॉइंक त्याच्याकडे काम मागते.

कळावे. घरी सर्वांना नमस्कार सांग.