एकवीस हजारांची रेघ आणि आईच्या गोळ्या

प्रश्न: मी भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वय 34, पगार 20,400. येत्या 1 ऑक्टोबरपासून सुपरवायझर करतायत, पगार 23,800. एच.आर. म्हणतात, 21,000 च्या वर गेलात की ईएसआय (कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना) बंद. घरी बायको (शिवणकामाचे महिन्याला साधारण 4,000 मिळतात), सहा वर्षांचा मुलगा आणि 61 वर्षांची आई. आईला वडिलांच्या पश्चात 2,800 पेन्शन आहे. गेल्या वर्षी ईएसआयमधून तिची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवले, आम्हाला एक रुपया लागला नाही. गोळ्याही दवाखान्यातून मिळतात. बाहेर घेतल्या तर महिन्याला 2,100 होतील, असं मेडिकलवाल्याने सांगितलं. एजंटने तिघांच्या 5 लाखांच्या मेडिक्लेमचा हप्ता वर्षाला 14,500 सांगितलाय, आईला घ्यायला कंपनी तयार नाही. मालक म्हणतात, कागदावर 20,900 ठेवू, वरचे 2,900 रोख देऊ. आमचं रेशनकार्ड केशरी आहे. पगार वाढला तर जन आरोग्य योजनाही जाईल का? वाढ घेऊ की नको?

उत्तर: वाढ घ्या. पण 1 ऑक्टोबरपासून घेऊ नका, आणि रोखीत तर अजिबात घेऊ नका. तारखेवर मी एवढा का अडून बसलोय ते पुढे सांगतो, कारण तुमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त पैसे त्या तारखेतच आहेत.

त्याआधी एच.आर.ला एक साधा प्रश्न विचारा, आणि उत्तर ई-मेलवर मागा: 21,000 ची मर्यादा तुम्ही माझ्या कुठल्या आकड्यावर लावताय? पूर्वी घरभाडे भत्त्यासकट जवळजवळ सगळा पगार त्यात धरला जायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे काही भत्ते आता वेतनाच्या बाहेर राहतात. फक्त ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. तुम्ही पाठवलेल्या नव्या पगाराच्या फोडीत मूळ पगार 13,000, विशेष भत्ता 3,200, घरभाडे 4,800 आणि प्रवास 2,800 आहेत. बाहेर राहणारे भत्ते 7,600, म्हणजे निम्म्याच्या पुष्कळ आत. या व्याख्येने तुमचं वेतन 16,200 भरतं. एच.आर.ने सवयीने जुनाच हिशोब सांगितला असेल, तर ईएसआय बंद होण्याचा प्रश्नच उरत नाही. डोळे मिटून सही करा आणि पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका.

समजा लेखी उत्तर आलं की नाही, तुम्ही बाहेरच पडता. मग आकडे मांडू.

महिन्याला 3,400 म्हणजे वर्षाला 40,800. ईएसआयची तुमची पाऊण टक्का कपात, महिन्याला 153 रुपये, थांबेल, त्याचे 1,836. एकूण 42,636. त्यातून आईच्या गोळ्यांचे 25,200 वजा करा, उरले 17,436. तिघांच्या मेडिक्लेमचे 14,500 वजा करा, उरले 2,936. वर्षाचे! पीएफ थोडा जास्त कापला जाईल, पण तो तुमच्याच खात्यात जातो, म्हणून धरलेला नाही. पेढे वाटायला निघालेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण पहिल्या वर्षीची तुमची खरी वाढ एवढीच आहे.

आणि तुमच्या पत्रात ओव्हरटाइमचा शब्द नाही. इन्स्पेक्टर म्हणून तुम्ही महिन्याला थोडाफार ओव्हरटाइम करत असणार. पुष्कळ कारखान्यांत सुपरवायझर झालं की तो बंद होतो आणि थांबावं मात्र रोज लागतं. गेल्या बारा महिन्यांच्या स्लिपा काढा आणि ओव्हरटाइमची सरासरी बघा. ती दीड-दोन हजार असेल, तर वरचे 2,936 उणे होऊन बसतील. तसं असेल तर मालकांशी पगाराचीच बोलणी पुन्हा करा. (जाता जाता: जुन्या हिशोबात 21,000 च्या मर्यादेसाठी ओव्हरटाइम मोजत नसत, वर्गणी मात्र त्यावरही कापत.)

एवढं असूनही घ्या म्हणतो, कारण ही रेघ 1 जानेवारी 2017 पासून 21,000 वरच उभी आहे. तिच्या अलीकडे राहायचं ठरवलंत, तर दरवर्षी वाढ नाकारत बसावं लागेल, आणि पन्नाशीत तुम्ही 20,900 वाले इन्स्पेक्टर असाल. सुपरवायझरचा शिक्का बसला की दुसऱ्या कारखान्यात जायची वाट उघडते.

आता रोखीचं. भोसरीतल्याच एका वर्कशॉपमधले गृहस्थ माझ्याकडे घरकर्जासाठी आले होते. हातात 27,000 यायचे, कागदावर 20,900. सहा वर्षं तेच. बँकेने कागदावरचा आकडा धरला आणि त्यांना हवं होतं त्याहून कितीतरी कमी कर्ज बसलं. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, पुढच्या नोकरीत सांगायचा पगार, सगळं कागदावरच्या आकड्यावर चालतं. तुमच्या मालकांचा हेतू चांगला असेल, आईची काळजीही असेल. पण पाकिटातले 2,900 त्यांनी उद्या बंद केले तर तुम्ही कुणाकडे दाद मागणार? शिवाय खरा पगार लपवून ईएसआयचा लाभ घेणं हा गैरप्रकार आहे, आणि तपासणी आली की पहिली विचारपूस तुमची होईल.

रेशनकार्डाची भीती मात्र काढून टाका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना एके काळी पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती: पिवळं वार्षिक 15,000 पर्यंत, केशरी त्यापुढे 1 लाखापर्यंत, त्यावर पांढरं. खरं सांगायचं तर तुमचं आजचं उत्पन्नच केशरीच्या मर्यादेच्या केव्हाच बाहेर आहे. हे कार्ड वडिलांच्या काळचं दिसतंय. पण 2023 मध्ये राज्य सरकारने ही योजना सगळ्या रहिवाशांना खुली करायचं ठरवलं आणि 1 जुलै 2024 पासून तशी अंमलबजावणी सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण, कार्डाचा रंग कुठलाही असो. तेव्हा 23,800 झाले म्हणून ती जाणार नाही. आणि कुणी तहसीलमधून कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग ईएसआय गेली तरी जन आरोग्य आहेच की, असं वाटेल. इथे जरा थांबा. जन आरोग्य योजना हॉस्पिटलात दाखल झाल्यावर चालते, यादीतल्या हॉस्पिटलात आणि यादीतल्या उपचारांवर. 2023 च्या निर्णयात ती यादी 996 वरून 1356 उपचारांवर नेली. उद्या आईला पुन्हा स्टेंट लागला, तर आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार ठेवायचं, मंजुरी आली की उपचार सुरू. पण दर महिन्याची गोळ्यांची पिशवी ती योजना देत नाही. ईएसआयचं मोल त्या पिशवीत आहे. सकाळी साडेआठला दवाखान्याच्या ओट्यावर रांग, हातात घड्या पडलेली ई-पहचानची (ईएसआयच्या ओळखपत्राची) झेरॉक्स, खिडकीतून सरकवलेल्या रक्त पातळ करायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या पट्ट्या. रांगेला माणूस शिव्या घालतो, पण स्टेंटवाल्याच्या त्या गोळ्या चुकवून चालत नाही. ईएसआयला उपचाराच्या खर्चाची कमाल मर्यादाही नाही. 5 लाखांवर काटा थांबत नाही. आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात, तर वर्षातून 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. पाय मोडून घरी बसलेल्याला ती कुठली मेडिक्लेम पॉलिसी देत नाही.

म्हणूनच तारीख. ईएसआयचं वर्ष दोन सहामाहींत चालतं. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली की तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून. ऑक्टोबर ते मार्च भरली की लाभ जुलै ते डिसेंबर. सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर तिच्या लाभाचा काळ संपेपर्यंत औषधोपचार चालू राहतात. दुसरा नियम असा की सहामाही सुरू झाल्यानंतर मध्येच पगार 21,000 च्या वर गेला, तर माणूस त्या सहामाहीच्या शेवटापर्यंत ईएसआयमध्येच राहतो, वर्गणी वाढलेल्या पूर्ण पगारावर.

दोन्ही नियम शेजारी ठेवा. वाढ 1 ऑक्टोबरला लागली, तर नवी सहामाही सुरू होतानाच तुम्ही रेघेपलीकडे. शेवटची वर्गणी सप्टेंबरची, आईचे उपचार येत्या 30 जूनपर्यंत. वाढ 1 नोव्हेंबरला लागली, तर तुम्ही 31 मार्चपर्यंत आत, आणि उपचार त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत. एका महिन्याच्या उशिराने अख्खी सहामाही वाढते.

याची किंमत बघा. ऑक्टोबरची वाढ सोडली, 3,400. ऑक्टोबरची वर्गणी 153 आणि पुढचे पाच महिने 179, म्हणजे 1,048. एकूण 4,448. बदल्यात सहा महिन्यांच्या गोळ्यांचेच 12,600 वाचले, आणि त्या काळात आईला काही झालं तर ईएसआयचं दार उघडं. मालकही का कू करणार नाहीत असं मला वाटतं. त्यांना सव्वातीन टक्क्यांनी सहा महिन्यांचे 4,533 भरावे लागतील, पण तुमचे ऑक्टोबरचे 3,400 वाचतील. जेमतेम अकराशेचा फरक. यात लपवाछपवी काही नाही, उलट सरकारला वर्गणी जास्त जाते. फक्त पत्रावर "1 नोव्हेंबरपासून लागू" असंच हवं. "1 ऑक्टोबरपासून लागू, फरक नंतर देऊ" असं लिहून आलं, तर सगळं मुसळ केरात.

मेडिक्लेम मात्र मार्चची वाट न बघता आत्ताच काढा, तिघांचा. पहिले 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, काही ठरावीक आजारांना दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. हे घड्याळ ईएसआयची छत्री डोक्यावर असतानाच चालू झालेलं बरं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही; एजंटच्या 14,500 मध्ये तो मिळवलेला नाही ना, हे पाहा. आईसाठी दुसऱ्या कंपन्यांचे उंबरठे झिजवू नका. कुणी घेतलंच, तरी आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवतील आणि हप्ता तोंडचं पाणी पळवेल. तिच्यासाठी हॉस्पिटलचा भार जन आरोग्यावर, आणि गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान. हृदयाच्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घ्या आणि तिथे दर काढा. 2,100 चा आकडा बराच खाली येईल. वाचलेले पैसे आईच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका.

धर्मादाय हॉस्पिटलचा रस्ताही ध्यानात ठेवा. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, कुटुंबाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत. आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात, 3,60,000 पर्यंत. वाढीनंतर तुमचे 2,85,600 आणि वहिनींचे 48,000 मिळून 3,33,600 होतात, वर आईची पेन्शन 33,600. ती धरली तर 3,67,200, म्हणजे रेघेच्या किंचित बाहेर. तेव्हा यावर फार भिस्त नको.

मालकांशी बोलणं निघालंच आहे, तर आणखी एक मागा. तुमच्यासाठी ते आज ईएसआयला महिन्याला 663 रुपये भरतात, वर्षाचे 7,956. एप्रिलपासून ते वाचतील. रेघेपलीकडे गेलेले तुमच्यासारखे आणखी चार-पाच सुपरवायझर तिथे असतीलच. सगळ्यांचा मिळून गट मेडिक्लेम काढायला सांगा, आई-वडिलांसकट. गट पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून घेतात असे करार मिळतात, आणि तुमच्या आईला खाजगी विम्यात शिरायची तेवढीच एक फट आहे. 2,900 रोख द्यायला तयार झालेला मालक याला नाही म्हणेल, असं वाटत नाही.

बँकेत जाल तेव्हा वर्षाला 436 रुपयांचा जीवनज्योती (आयुर्विमा) आणि 20 रुपयांचा सुरक्षा (अपघात विमा), हे सरकारी योजनांतले विमेही चालू करून या, दोन्ही 2-2 लाखांचे. ईएसआयबरोबर कामावरच्या अपघाताचं तिचं संरक्षणही जातं, आणि तुम्ही दिवसभर प्रेस मशिनच्या शेजारी उभे असता.

नेमणुकीचं पत्र हातात आलं की सही करण्याआधी तारखेची ओळ आणि पगाराची फोड यांचा फोटो मला पाठवा.