धरणाचा गळ समुद्रात चालेल का?

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो. गंगापूर धरणावर आणि दारणेच्या पाण्यात वीस वर्षं गळ टाकतोय. रोहू, कटला, मरळ सगळं काढलंय. यंदा होळीनंतर चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन मालवणला जायचं आहे, होडीतून सुरमईसाठी. माझ्याकडे धरणाचंच रॉड-रीळ आहे. चालेल का? नेमकं कधी जावं? मुलाला होडी लागेल का, हीसुद्धा काळजी आहे.

उत्तर : दादा, रॉड दणकट असेल तर चालेल, पण हाताला लागलेली सवय घरी ठेवून यावी लागेल. धरणावर रोहू लागला की आपण दोरा ताणून धरतो आणि त्याला दमवत काठाशी आणतो. सुरमईला तसं धरता येत नाही. ती पहिल्याच झेपेत पन्नास-साठ मीटर दोरा घेऊन सुटते.

माझं माहेर देवगडचं, लग्नानंतर बावीस वर्षं नाशिकरोडला. दर फाल्गुनात दोन दिवस भावाच्या होडीवर जातेच. पहिल्या वर्षी मी रीळाचा ब्रेक धरणासारखाच घट्ट आवळला होता. सुरमई लागली, रॉडचं टोक पाण्याला टेकलं आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ताडकन तुटला. पुढच्या वेळी ब्रेक सैल ठेवला, मासा छान पळू दिला, तरी हातातला भार एकदम नाहीसा झाला. भावाने ते टोक माझ्या तळहातावर ठेवलं. ब्लेडने कापल्यासारखं सरळ होतं. “ह्यो तुटूक नाय, माश्यान कापल्यान,” तो म्हणाला. सुरमईचे दात चपटे आणि धारदार असतात, नुसता नायलॉनचा दोरा त्यांच्यापुढे टिकत नाही. त्या दिवसापासून गळाच्या आधी वीतभर स्टीलची तार बांधल्याशिवाय मी काहीच पाण्यात टाकत नाही.

ब्रेक किती सैल, हे नाशिकमध्येच पक्कं करून निघा. दोऱ्याच्या टोकाला ताणकाटा बांधा आणि मुलाला रॉड धरायला सांगा. दोरा दहा किलोचा असेल तर अडीच किलोच्या ओढीला रीळातून सुटायला हवा, म्हणजे ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला. रीळावर अडीचशे-तीनशे मीटर दोरा मावत नसेल तर रीळ तेवढं बदला. आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, त्याच रात्री. खारं पाणी धरणाच्या रीळाला आठवड्यात जाम करतं.

आता कधी जावं. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. ठिकाणाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण घरच्या पंचांगावर बेत आखायला हे पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते आणि पाणी गढूळ होतं. मला अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस, भांगाचे म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, आवडतात. पाणी निवळलेलं असतं आणि खोटा मासा लांबून दिसतो. फाल्गुन वद्य आणि चैत्र वद्य अष्टमी बघून ठेवा. उजाडताना निघा आणि अकराच्या आत परता. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा तुटायला लागतात, मग मजा राहत नाही. मे महिन्याच्या अखेरीवर बेत ढकलू नका.

होडी चालू असताना मागे वीस-तीस मीटरवर आमिष ओढायचं, त्याला ट्रोलिंग म्हणतात. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, पाण्याकडे कमी आणि आकाशाकडे जास्त बघताना दिसेल. नांदूरमध्यमेश्वरला आपण जे सुरय पक्षी बघतो त्यांचे समुद्रातले भाऊबंद एका जागी सूर मारायला लागले की खाली पेडव्यांचा, म्हणजे छोट्या माशांचा, थवा असतो, आणि थव्याखाली सुरमई असू शकते. होडी थव्यात घुसवू नका, कडेने फिरवा. मधून गेलात तर सगळा थवा खाली जातो.

मुलाला सकाळी रिकाम्या पोटी नेऊ नका, तळलेलंही देऊ नका. थोडी पेज किंवा भाकरी पुरे. होडी लागल्यावर गोळीचा उपयोग नसतो, ती आधी घ्यायची. कुठली आणि किती, ते डॉक्टरांना विचारा. मोबाईल खिशात आणि नजर क्षितिजावर. लाइफ जॅकेट उकाडा असला तरी अंगातच.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा पट्टा १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. कुठे गळ टाकायचा नाही ते तांडेलकडून आधी समजून घ्या. राज्याने २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली आहे. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे. दोन फुटांखालची सुरमई मी ओल्या हाताने सोडवते आणि लगेच पाण्यात सोडते. घरी दोनच मासे आणते. मुलाला पहिल्याच दिवशी हे दाखवा, मोठेपणी सांगून पटत नाही.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात डहाणूहून बांगडे आणले. वास अजिबात नव्हता, नीट शिजवले, तरी जेवल्यावर तासाभरात सगळ्यांची तोंडं लाल झाली, अंगावर पित्त उठलं. मासे शिळे होते का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : मासे बहुधा वाटेत तापले, ताई. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात उन्हाच्या तापाने हिस्टामाइन तयार होतं. त्याला वास येईलच असं नाही आणि शिजवून ते जात नाही. त्रासात श्वास लागला तर घरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

उपाय मासा पाण्याबाहेर आल्यापासून सुरू होतो. तासाभराने बर्फ घालून चालत नाही. पोट साफ करा आणि थर्माकोलच्या डब्यात माशाच्या वजनाइतका कुटलेला बर्फ घाला, पोटातही भरा. वाटेत जव्हारला चहाला थांबाल तेव्हा वितळलेलं पाणी काढून टाका आणि बर्फाची दुसरी पिशवी डब्यात रिकामी करा.