वेल्ड मारलेल्या डब्याचे पैसे

तुमची हकीकत अशी: सेकंडहँड घेतलेली २०१७ची डिझेल ऑटोमॅटिक, ९२ हजार किलोमीटर झालेली. ६०-७०च्या वेगाला थरथरते म्हणून साताऱ्यातल्या एका गॅरेजला दिली. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा, वेल्ड मारून बंद केलेला डबा, बाहेरून रिबिल्ड करून आणला. ५२ हजार ठरले, ३० ॲडव्हान्स दिले. खंबाटकीपर्यंत ट्रायल घेतली तर थरथर होती तशीच, शिवाय न्यूट्रलला घूंऽऽ असा नवा आवाज. आता गॅरेजवाला म्हणतो, उरलेले २२ द्या, आणि गिअरबॉक्सच आतून गेलाय, त्याचे ४० वेगळे लागतील. द्यावेत का?

४० देऊ नका. २२चं जरा गुंत्याचं आहे, त्यावर शेवटी बोलू.

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर पंचवीस वर्षं काढली. आमच्याकडे कन्व्हर्टर म्हटलं की लोकांना जेसीबी आठवतो, मोटारीचे तसे कमीच येतात. पण २०२१मध्ये माझ्याच गाडीचा कन्व्हर्टर गेला आणि मी, एवढा लेथवाला माणूस, तो डोळे झाकून दुसऱ्याकडे दिला. पैसे मोजले. पाच आठवड्यांत पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे थेंब, आणि पाठोपाठ तुमच्यासारखीच थरथर. मग मात्र गिअरबॉक्स परत उतरवला आणि कन्व्हर्टर शॉपवर घेऊन आलो.

आधी डायल लावला, फिरताना भाग किती लंगडतो ते मोजणारं घड्याळ. हबवर, म्हणजे कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या नळीवर, सुई ०.७ मिमी फिरली. यालाच रनआऊट म्हणतात. मॅन्युअलात साधारण ०.३च्या आसपास मर्यादा असते. म्हणजे वेल्ड मारताना दोन्ही भाग सरळ बांधलेच नव्हते, वेल्डनं ओढलं तिकडे गेले. तो हब गिअरबॉक्सच्या पंपात फिरतो. लंगडत फिरला की आधी बुश खातो, मग पुढचं सील, मग पंप आवाज करायला लागतो. तुमचा नवा घूं आवाज मला याच्यातलाच वाटतो. दुसरी शक्यता, बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत बसला नाही आणि बोल्ट आवळून तो रेटला गेला. दोन्हीत दोष कामाचा. ‘गिअरबॉक्स आतून गेला’ हे खरं असेलही, पण कोणी घालवला ते विचारा.

मग चकमध्ये बांधून वेल्ड कापला आणि डबा उघडला. आत लॉकअप क्लच असतो, वेग धरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा. त्याचं अस्तर, कागदी लायनिंगची ती कडी, मी नखानं उचलली आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी हातात आली. खाली अर्ध्या भागात गोंद चकचकत होता, अर्ध्या भागात पत्रा कोरडा. हे लायनिंग उष्णता आणि दाब देऊन सगळीकडे सारखं चिकटवावं लागतं, त्याला प्रेस लागते. ज्याच्याकडे मी काम दिलं होतं त्या मिस्त्रीनं दोन प्लेटांमध्ये धरून मधोमध बोल्ट आवळला असावा. स्टेटरची, म्हणजे आतलं ऑइल वळवणाऱ्या पंख्याची, एकाच दिशेनं फिरणारी कडी मात्र चांगली होती, बेअरिंगही नवीन घातलेलं. म्हणजे माणूस चोर नव्हता. त्याच्याकडे प्रेस नव्हती, बॅलन्सिंगचं मशीन नव्हतं, आणि तसं सांगायचं धाडस नव्हतं.

चोरही असतात. ते डबा उघडतच नाहीत, वरून धुतात, काळा रंग मारतात आणि बिल करतात. ओळख सोपी आहे. खरंच उघडलेल्या कन्व्हर्टरचा जुना वेल्ड लेथवर उतरवलेला असतो आणि नवा शेजारी किंवा त्याच जागी ताजा दिसतो. रंगाखाली जुनाच मळका वेल्ड असेल तर उघडलाच नाही. म्हणून देण्याआधी बॉडीवर पंचनं एक खूण करावी आणि फोटो काढावा. तुमचं ते राहून गेलं असणार, हरकत नाही. आता गिअरबॉक्स उतरेल तेव्हा आधी वेल्डचा फोटो काढायला सांगा, आणि शक्यतो तिथे उभे राहा.

त्याहून महत्त्वाचं विचारतो. कन्व्हर्टर गेलाय हे मुळात ठरवलं कोणी आणि कशावरून? थरथर ऐकून? तशी थरथर इंजिन मिस करत असलं तरी येते, ऑइल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असलं तरी येते, गिअरबॉक्समधलं ऑइल वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, अडकला तरी येते. साधी चाचणी सांगतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, वरच्या गिअरमध्ये हलक्या पायानं ६०-७० ठेवा. थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवा, दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा स्विच दबला की लॉकअप सुटतं. त्याच क्षणी थरथर थांबली आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा थोडा वर चढला तर भानगड लॉकअपकडची. थांबली नाही तर इंजिनाकडे बघा. आणि लॉकअपकडचीच निघाली तरी कन्व्हर्टर उतरवण्याआधी योग्य ग्रेडचं ऑइल बदलून बघायचं असतं. काही गाड्या तेवढ्यानंच शांत होतात. तुमच्याकडे तसं केल्याचं दिसत नाही. स्कॅनर लावला असेल तर रिपोर्ट मागा. लॉकअप नीट लागत नसल्याचा पी०७४१ हा कोड आला होता का, लॉकअपमध्ये इंजिन आणि टर्बाइनच्या (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या पंख्याच्या) फेऱ्यांत फरक किती होता. रिपोर्ट नसेल तर त्यांनी अंदाजानं गिअरबॉक्स उतरवला.

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर फ्लश केला का, म्हणजे आतून धुतला का, तेही विचारा. लायनिंग झिजतं तेव्हा त्याचा चुरा ऑइलबरोबर कूलरमध्ये जाऊन बसतो. कूलर साफ न करता नवा कन्व्हर्टर जोडला की जुना चुरा त्याच्यातच परत येतो. नुसता पॅनचा नट काढला तर निम्मंसुद्धा ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि लाइनमध्ये राहतं. इथं माझाही दोष कबूल करतो. मला फ्लशिंगचे वेगळे पैसे सांगितले होते आणि मी ‘राहू दे, आत्ता नको’ म्हणालो होतो.

आणखी एक. गाडीचा नंबर एमएच १० किंवा ०९, म्हणजे सांगली किंवा कोल्हापूरचा, आहे का? ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्या आठवड्यात सांगली-कोल्हापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या किती गाड्या पुढे धुऊन-पुसून बाहेर विकल्या गेल्या, याचा हिशेब कुणाकडेच नाही. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत गेलं की या कागदी लायनिंगचा गोंद सुटायला लागतो. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळलं तरी हेच होतं, तेव्हा ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं. तसं काही असेल तर रिबिल्डवाल्याला सगळा दोष देता येणार नाही. आणि मूळ कारण काढल्याशिवाय तिसरा कन्व्हर्टर घातला तरी जाईल.

आता पैशांचं. गाडी त्यांच्या आवारात आहे, ही तुमची कमजोर बाजू. करार कायदा १८७२च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर मेहनत केलेल्या माणसाला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. काम ठरल्याप्रमाणे झालेलं असावं ही अट त्यातच आहे, पण ते सिद्ध होईपर्यंत गाडी तिथेच ऊन-पाऊस खात राहणार. म्हणून भांडून गाडी अडकवून घेण्यापेक्षा आधी लेखी द्या: ट्रायलची तारीख, थरथर कायम, नवा आवाज, आणि ठरलेल्या पैशांतच दुरुस्त करून द्या. आठ-दहा दिवसांची मुदत घाला. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पोस्टानंही पाठवा, पावती जपून ठेवा. ऐकलं नाही आणि गाडी सोडवायचीच असेल तर २२ ऑनलाइन भरा, आणि बिलावर हातानं लिहा, ‘काम सदोष आहे, हक्क राखून रक्कम देत आहे.’ सही, तारीख, फोटो.

बिल पक्कंच घ्या. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून लोक कच्च्या चिठ्ठीवर काम करतात आणि नंतर हातात काही उरत नाही. मागूनही बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. गॅरेजवाला म्हणेल, ‘कन्व्हर्टर आम्ही बाहेरून करून आणला, आमचा काय दोष?’ त्याला शांतपणे सांगा, तुमचा व्यवहार त्याच्याशी आहे. वेल्डवाल्याशी त्यानं बघून घ्यावं.

नाहीच जमलं तर १९१५ वर फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बऱ्याचदा तिथली नोंद पाहूनच समोरचा नरम येतो. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, मोबदला, म्हणजे कामासाठी तुम्ही दिलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. तिथं मात्र नुसत्या तोंडच्या बोलण्यावर चालत नाही. दुसऱ्या गॅरेजचा लेखी अभिप्राय, रनआऊटचं माप, कापलेल्या कन्व्हर्टरचे फोटो, असं काहीतरी हातात हवं. मी तिथवर गेलो नाही. नोटीस पाठवल्यावर निम्मे पैसे परत मिळाले, तेवढ्यावर मी गप्प बसलो. उरलेले निम्मे माझ्या आळसात आणि त्या न केलेल्या फ्लशिंगमध्ये गेले असं धरतो.

सध्या एकच करा. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी ऑइल पॅन तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि आतल्या मॅग्नेटचा फोटो काढा. बोटाला लागणारी राखाडी पेस्ट असेल तर चालतं, ती नेहमीचीच. चकाकणारे तुकडे किंवा तपकिरी लायनिंगचे कपटे असतील तर मला पाठवा, म्हणजे ४० हजारांच्या त्या गोष्टीत किती दम आहे ते सांगता येईल.